आधी दिवा, मग काटा

ट्रॅक्टरमालक, चालक, साखर कारखाने, ऊस उत्पादक आणि हंगामात रस्त्याने जाणारे-येणारे, सर्वांना जाहीर आवाहन

गाळप हंगाम तोंडावर आला आहे. येत्या काही दिवसांत कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि पलीकडे बीड, लातूर, धाराशिवपर्यंतचे रस्ते उसाच्या वाहनांनी भरून जातील आणि मार्च-एप्रिलपर्यंत ही वर्दळ थांबणार नाही. राज्यात एका हंगामात सुमारे 200 कारखाने चालतात. रोज 5,000 टन गाळणाऱ्या एका कारखान्याचा हिशेब मांडून पाहा. एका खेपेला 20 टन ऊस धरला, तर त्याला दिवसाला 250 खेपा लागतात. जितक्या भरलेल्या गाड्या येतात तितक्याच रिकाम्या परत जातात. म्हणजे एका कारखान्याभोवतीच्या रस्त्यांवर चोवीस तासांत 500 फेऱ्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा अंधारात.

यातला मोठा भार एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून ओढला जातो. दरवर्षी हंगाम सुरू झाला की या ट्रॉल्यांवर मागून मोटारसायकल आदळल्याच्या, ट्रॉली उलटून कुणी उसाखाली सापडल्याच्या बातम्या सुरू होतात. चार दिवस हळहळ होते, एखादा रास्ता रोको होतो आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं. या वर्षी हे बदलायचं असेल, तर पहिली ट्रॉली भरायच्या आत काही गोष्टी ठरवाव्या लागतील. त्यात सर्वांत आधीची मागणी एकच आहे: ज्या ट्रॉलीला मागे दिवा नाही आणि रेडियम नाही, ती ट्रॉली कारखान्याने काट्यावर घेऊ नये.

रात्री नेमकं काय घडतं?

टेंभुर्णी-पंढरपूरसारखा रस्ता घ्या. डिसेंबरची रात्र आहे, हवेत धुकं आहे, शेतात पाचट पेटवलं असेल तर धूरही आहे. मोटारसायकलवाला ताशी 60 किलोमीटरने चालला आहे. समोरून ट्रक येतो, त्याच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपतात. ट्रक निघून जातो आणि त्याच क्षणी समोर काळी भिंत दिसते. ती भिंत म्हणजे टायर फुटल्यामुळे अर्ध्या रस्त्यावर उभी केलेली उसाची ट्रॉली.

खाली केलेल्या हेडलाइटमध्ये साधारण 40 मीटरपर्यंतचं नीट दिसतं. ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. समोर काय आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत तो एक सेकंद संपलेला असतो. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी 20 ते 25 मीटर लागतात. म्हणजे जागा असलेला, न प्यायलेला, चांगल्या टायरच्या गाडीवरचा माणूसदेखील जेमतेम वाचतो. वेग 80 असेल तर थांबायला 60 मीटरहून जास्त अंतर लागतं. मग तो वाचत नाही. हेल्मेट नसेल तर प्रश्नच मिटला.

आता त्याच ट्रॉलीच्या मागे लाल-पिवळं रेडियम असतं तर? रेडियम त्यावर पडलेला उजेड जिथून आला तिकडेच परतवतं. शंभर-दीडशे मीटरवरूनच समोर काहीतरी आहे हे कळतं. चालत्या ट्रॉलीच्या बाबतीतही तसंच. ती ताशी 15-20 ने जात असते आणि मागून येणाऱ्याला ती चालली आहे की उभी आहे हे अंधारात कळत नाही.

इथे एक बारकी गोष्ट आहे आणि ती जाणत्यांच्याही नजरेतून सुटते. पुष्कळ ट्रॉल्यांना मागच्या फळीवर रेडियमची पट्टी असते. आरटीओच्या तपासणीत ती पासही होते. पण ऊस भरला की मोळ्यांची टोकं फळीच्या बाहेर लोंबतात आणि पट्टी, नंबर, असला तर दिवा, सगळं त्यांच्याआड जातं. रिकाम्या ट्रॉलीवर लखलखणारं रेडियम भरलेल्या ट्रॉलीवर दिसतच नाही. म्हणून पट्टी फळीवर असली तरी तेवढ्याने भागत नाही. भरलेल्या उसावरून बांधायचा रिफ्लेक्टरचा कापडी पट्टा प्रत्येक ट्रॉलीला हवाच. आणि तो शेतातून बाहेर पडतानाच बांधलेला हवा, कारखान्याच्या गेटवर पोहोचल्यावर नव्हे.

ओढणं सोपं, थांबवणं अवघड

पंचेचाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा असतो. मागे दोन ट्रॉल्यांचं स्वतःचं वजन आणि 20 टन ऊस धरला, तर तो आपल्या वजनाच्या आठ-दहा पट ओझं ओढत असतो. ओढू शकतो, यात शंका नाही. इंजिनात आणि गिअरमध्ये तेवढी ताकद असते. पण ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना आहेत. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. म्हणजे मागचा सगळा लोड अडीच टनांच्या यंत्राच्या दोन चाकांनी थोपवायचा असतो.

उतारावर हे उघडं पडतं. ट्रॅक्टर हळू होतो, ट्रॉल्या हळू होत नाहीत. त्या मागून ढकलतात, ट्रॅक्टरचा मागचा भाग बाजूला सरकतो आणि पाहता पाहता ट्रॅक्टर ट्रॉलीला काटकोनात येऊन उलटतो. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारा चालक इंजिनाने मिळणारा रोधही गमावून बसतो. चढावर याच्या उलट. ओढ इतकी असते की पुढची चाकं जमिनीवरून उचलली जातात आणि स्टेअरिंग नुसतंच हातात फिरत राहतं. शेतातून पक्क्या रस्त्यावर चढताना हे रोज घडतं. काही पोरांना यात मर्दुमकी वाटते, त्याचे व्हिडिओ निघतात. पुढची चाकं अधांतरी झालेल्या ट्रॅक्टरला दिशा देता येत नाही आणि तो मागे उलटला तर चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

चालक बंधूंनो,

तुमचे हाल ठाऊक आहेत. यार्डात बारा-बारा तास नंबर लावून बसायचं, ट्रॉली रिकामी झाली की लगेच फडाकडे निघायचं, झोप स्टेअरिंगवरच काढायची. तरीही पुढच्या गोष्टी तुमच्याच हातात आहेत.

रस्त्यावर येताना ब्रेकची दोन्ही पेडल जोडून घ्या. शेतात चटकन वळता यावं म्हणून ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचा ब्रेक वेगळा दिलेला असतो. रस्त्यावर ती पेडल जोडणारी पट्टी लावली नाही आणि घाईत पाय एकावरच पडला, तर ट्रॅक्टर एका अंगाला गर्रकन फिरतो.

उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. न्यूट्रल कधीच करू नका.

हुकाची पिन रोज बघा. झिजलेली, वाकलेली पिन किंवा पिनेच्या जागी अडकवलेला लोखंडी गज चालणार नाही. पिनेला खालून लॉक हवं, आणि पिन निसटलीच तर ट्रॉली सुटू नये म्हणून साखळी हवी. ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये कुणालाही उभं करू नका.

दोन्ही हेडलाइट चालू ठेवा. एकच लागत असेल तर समोरच्याला मोटारसायकल येते आहे असं वाटतं आणि तो तुमच्या अंगावर येतो. टेप एवढाच लावा की मागच्याचा हॉर्न ऐकू येईल.

गाडी बंद पडली तर शक्य तितकी रस्त्याच्या खाली घ्या. मागे पन्नास पावलांवर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा. झाडाची फांदी रात्री कुणाला दिसत नाही. आणि दुरुस्ती झाल्यावर चाकाला लावलेले दगड उचलून बाजूला टाका. ट्रॉली निघून जाते, दगड रस्त्यातच राहतात, आणि तासाभराने येणारा दुचाकीवाला त्यावरून उडतो. या दगडांनी घेतलेले बळी कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत.

मडगार्डवर, ट्रॉलीच्या दांडीवर, भरलेल्या उसावर कुणालाही बसवू नका. तोडणीच्या टोळीतल्या बाया, लेकरं दिवसभराच्या कामाने दमलेली असतात, उसावर बसल्या बसल्या झोपतात. एक खड्डा पुरतो.

मालकांना

तुमचंही गणित अवघड आहे हे मान्य. ट्रॅक्टरचा हप्ता आहे, टोळीला दिलेली उचल आहे, मुकादम पळून गेला तर ती बुडण्याची धास्ती आहे. वाहतुकीचं बिल टनावर आणि अंतरावर मिळतं, म्हणून प्रत्येक खेपेला आणखी एक थर चढवावासा वाटतो. पण त्याच थराने ट्रॉलीचा तोल वर सरकतो. वळणावर, खचलेल्या साइडपट्टीवर ती कलंडते. फडातून निघताना ती उंची डोक्यावरच्या विजेच्या तारांना भिडते. मोटार वाहन कायद्याच्या 194 व्या कलमात जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. भार बाजूला, मागे किंवा वर मर्यादेबाहेर गेला तरी 20,000 रुपयांच्या दंडाची तरतूद आहे.

दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून ट्रॉलीचाही असतो असं समजू नका. प्रत्येक ट्रॉलीची नोंदणी आणि विमा आहे का, शेतीच्या नावाने घेतलेल्या पॉलिसीत भाड्याची ऊस वाहतूक बसते का, चालकाच्या लायसन्सवर हे वाहन आहे का, हे हंगामाआधी एजंटाला विचारा आणि लेखी घ्या. अपघातानंतर विमा कंपनीने हात वर केले, तर भरपाई तुमच्या सातबाऱ्यावर येते.

यंदा खंडेनवमीला ट्रॅक्टरला हार घालाल, नारळ फोडाल. त्याच दिवशी ब्रेक जुळवून घ्या, मागच्या दिव्याची वायर ओढून घ्या आणि पिन बदला.

जे ट्रॅक्टरला, तेच पिकअपला

ओढून नेण्याचा धोका उसापुरता नाही. पिकअपच्या मागे काँक्रीट मिक्सर, मळणी यंत्र, जनरेटर, पाण्याचा टँकर जोडून नेताना आपण रोज बघतो. पुष्कळदा हे यंत्र दोराने किंवा तारेने बांधलेलं असतं, मागे दिवा नसतो आणि मिक्सरवर दोन मजूर बसलेले असतात. पिकअपच्या हौद्यात किती टन बसतात हे ठाऊक असतं म्हणून तेवढंच मागे ओढता येईल असं नाही. हौद्यातला भार चाकांवर बसतो आणि पकड वाढवतो. मागे जोडलेला भार वळणावर बाजूला खेचतो आणि उतारावर ढकलतो. ओढायचंच असेल तर चेसिसला पक्का बसवलेला हुक, पिनेला लॉक, साखळी, मागे चालू दिवा, कमी वेग आणि ओढल्या जाणाऱ्या यंत्रावर एकही माणूस नाही, एवढं तरी पाळा.

कारखान्यांना

खरी किल्ली तुमच्याकडे आहे. राज्यातल्या रस्त्यांवर वर्षाला 15,000 हून अधिक माणसं अपघातात जातात. एवढ्या जाळ्यात वाडीवस्तीच्या रस्त्यावरून रात्री दोनला निघालेली प्रत्येक ट्रॉली पोलीस किंवा आरटीओ अडवू शकणार नाहीत. तुमच्या काट्यावर मात्र प्रत्येक ट्रॉली आपणहून येते, थांबते, तिचा नंबर लिहिला जातो, वजन होतं. हंगामभरात एकही सुटत नाही. राज्यात दुसरी कुठलीही तपासणी इतकी पक्की नाही आणि तिला जादा माणूसही लागत नाही. काट्यावर बसणाऱ्याने वजनासोबत मागचा दिवा आणि रेडियमचा पट्टा बघायचा. आहे, तर वजन. नाही, तर गाडी बाजूला; पट्टा बांधून, दिवा लावून पुन्हा रांगेत. नंबर गेला की चालकाचे काही तास जातात. पहिल्या आठवड्यात कुरबुर होईल, दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक ट्रॉलीला दिवा असेल.

वाहतूकदारांशी तुम्ही हंगामाआधी करार करताच. त्यातच ही अट घाला. रिफ्लेक्टरचे कापडी पट्टे कारखान्याने द्यावेत आणि ट्रॉली फडातून निघताना तो बांधला आहे का, हे चिटबॉयने बघूनच चिठ्ठी द्यावी. ट्रॉली भरते तिथे कारखान्याच्या शेतकी खात्याचा हा माणूस असतोच.

महामार्गावर लागणाऱ्या रांगाही थांबवा. यार्ड भरलं असेल तर फडातच तोड थांबवण्याचा निरोप द्या. गेटबाहेर किलोमीटरभर उभ्या ट्रॅक्टरांमध्ये रात्री कोण कधी आदळेल सांगता येत नाही. उलटलेली ट्रॉली उचलायला, सांडलेला ऊस बाजूला करायला एक गाडी आणि चार माणसं चोवीस तास तयार ठेवा आणि त्यांचा फोन नंबर प्रत्येक ट्रॉलीच्या मागे मोठ्या अक्षरांत रंगवा. यार्डात चालकांना आडवं व्हायला शेड द्या. झोप झालेला चालक ही सर्वांत स्वस्त सुरक्षा आहे.

ऊस उत्पादकांना

ही वाहतूक फुकट होत नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्या उसाच्या बिलातून कापला जातो आणि उरलेली रक्कम तुमच्या खात्यावर येते. म्हणजे या ट्रॉलीचं भाडं तुम्ही भरता. भाडं भरणाऱ्याला अट घालण्याचा हक्क आहे. ट्रॉली भरून झाली की फडातून बाहेर पडण्याआधी स्वतः मागे जाऊन बघा. पट्टा नसेल तर ट्रॉली सोडू नका. तुमच्याच गावचं कुणीतरी त्या रस्त्याने रात्री दूध घालून, कंपनीतली पाळी संपवून घरी येत असतं. सहकारी कारखान्याचे सभासद असाल तर वार्षिक सभेत दर आणि काटामारीसोबत हाही प्रश्न विचारा: मागच्या हंगामात आपल्या कारखान्याच्या वाहनांमुळे किती अपघात झाले आणि तुम्ही काय केलंत?

रस्त्याने जाणाऱ्यांना

हंगामाचे चार-पाच महिने या भागांत रात्रीचा वेग कमीच ठेवा. समोरून एकच दिवा येताना दिसला तर तो ट्रॅक्टर असू शकतो, हे धरून चाला. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून पंधरा मीटरच्या आसपास लांबी होते. ओव्हरटेक करताना दोन ट्रॉल्यांच्या मध्ये शिरायला जागा नसते. वळणावर तर ओव्हरटेक करूच नका; मागची ट्रॉली पुढच्या चाकोरीतून जात नाही, आतल्या बाजूला दबत येते. ट्रॉलीला खेटून चालू नका, दांडकी सुटून पडतात.

हंगामाच्या तोंडावरच कार्तिकी येते. पंढरपूरच्या वाटेवर पहाटेच्या अंधारात दिंड्या चाललेल्या असतात आणि त्याच वाटेने ट्रॉल्याही. दिंडीप्रमुखांनी पुढे आणि मागे रिफ्लेक्टरचं जाकीट घातलेला, हातात बॅटरी असलेला माणूस ठेवावा. उजाडल्यावरच महामार्गावर पाऊल टाकावं.

शाळांनी मुलांना सांगावं, घरच्यांनी तर सांगावंच: चालत्या ट्रॉलीमागे धावून ऊस ओढायचा नाही. आपण सगळ्यांनी लहानपणी तो खेळ केला असेल किंवा बघितला असेल. मोळी सैल झाली की ऊस एकेक येत नाही, सगळाच अंगावर येतो; मुलगा पडतो तो मागच्या ट्रॉलीच्या चाकापुढे.

अपघात दिसला तर व्हिडिओ काढत उभे राहू नका. 112 किंवा 108 ला, महामार्गावर असाल तर 1033 ला फोन करा आणि मागून येणाऱ्या गाड्यांना आधी सावध करा. अंधारातला पहिला अपघात दुसरा ओढून आणतो. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस चौकशीत अडकवता येत नाही, कायद्याच्या 134अ कलमाने त्याला संरक्षण दिलं आहे. रस्ते अपघातातल्या जखमीवर पहिले 7 दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार करण्याची केंद्राची योजना 2025 पासून लागू आहे. रुग्णालयात तिचं नाव घेऊन विचारा.

आता करायचं काय?

ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत ठराव करून तो आपल्या भागातल्या कारखान्याला आणि पोलीस ठाण्याला पाठवावा: दिवा आणि रेडियम नसलेल्या ट्रॉलीचा ऊस आमच्या शिवारातून जाणार नाही. तरुण मंडळांनी वर्गणीतून पट्टे घ्यावेत आणि पहिल्या पंधरवड्यात गावच्या फाट्यावर उभं राहून पट्टा नसलेल्या ट्रॉल्यांना बांधावेत. भांडण करू नये, पट्टा बांधावा आणि ट्रॉलीचा नंबर लिहून कारखान्याला कळवावा. पत्रकारांनी प्रत्येक अपघाताच्या बातमीत ट्रॉलीला मागे दिवा होता की नव्हता, एवढं एक वाक्य न चुकता द्यावं.

आणि कारखान्यांच्या अध्यक्षांना, कार्यकारी संचालकांना शेवटची विनंती. मोळीपूजनाच्या दिवशी हार घातलेली पहिली ट्रॉली तुमच्यासमोर येईल, फोटोग्राफर पुढे उभा असेल. त्या वेळी ट्रॉलीच्या मागच्या बाजूला जा. चालकाला दिवा लावायला सांगा. दिवा लागला नाही, तर सगळ्यांदेखत ती ट्रॉली परत पाठवा आणि दुसरी बोलवा. त्या एका कृतीने तालुक्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टरमालकाला हंगामाचा नियम कळेल.